पोटखराबा

जानेवारी २०२३ मध्ये गावाहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरात आता तो आणि वहिनीच राहतात, बाकी आम्ही सगळे डोंबिवली-विरारकडे पांगलेलो. "सड्यावरची जमीन चिरेखाणीला, जांभ्याचे चिरे काढायला, द्यायचं ठरतंय. सगळ्यांच्या सह्या झाल्यात, तुझी तेवढी राहिलीय. कागद कुरिअरने पाठवतो," म्हणाला.

माझी सही लागत होती, कारण वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्र करून दिलं नव्हतं. आमच्याकडे बहिणी सहसा देतात. माझ्या वेळी ते राहून गेलं आणि सामाईक खात्यातल्या चौदा नावांत माझंही नाव तसंच राहिलं.

कागद आले तेव्हा संमतीपत्राला सातबारा जोडलेला होता. मी तो पहिल्यांदाच नीट वाचला. लागवडीयोग्य क्षेत्र बारा गुंठे. पोटखराबा, वर्ग अ: दोन हेक्टर चाळीस आर. पीकपाहणीत 'पड'. पोटखराबा म्हणजे खात्यातली जी जमीन लागवडीला येत नाही, जिच्यावर सरकार शेतसाराही बसवत नाही, ती. चिरेखाणवाल्याला हवा होता तो नेमका एवढाच तुकडा. आणि मला त्या तुकड्यावरचं काय काय आठवत होतं ते त्या पानावर कुठेच नव्हतं.

आमचा सडा गावाच्या डोक्यावर आहे. पाणंदीने वर चढलं की झाडी संपते आणि जांभ्याचा काळपट, भाजलेला कातळ पसरतो. त्यावर आमच्या वाटणीच्या भागात चित्रं कोरलेली आहेत. एक मोठा मासा, शेपटीवरून वागळी माशासारखा दिसणारा. दोन पावलं. एक चौकोन, आत रेघांची गुंतागुंत. लहानपणी आम्ही त्या चौकोनात लंगडी खेळायचो. आजी सांगायची, भीमानं एका रात्रीत काढलान नि कोंबडा आरवल्यावर टाकून गेला. मृगाचा पाऊस लागला की पहिल्यांदा मासा पाण्याने भरायचा. कोणीतरी गुरांमागून परत येताना ओरडायचं, "मासा भरला गो!" आणि आजी पावसाचा अंदाज त्यावरून बांधायची.

हे आम्हाला आमच्यापुरतंच आहे असं वाटायचं. पण रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घालून अशी कातळशिल्पं शोधत होते. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हा त्या यादीत कशेळी, बारसू, देवाचं गोठणं, देवी हसोळ ही आमच्याच तालुक्यातली नावं होती. कशेळीचा हत्ती अठरा मीटरच्या आसपास लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. देवाच्या गोठण्याला आडव्या माणसाच्या आकृतीवर होकायंत्र धरलं तर सुई भरकटते. ही शिल्पं किती जुनी याबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहेत, पण त्यांत गेंडा कोरलेला सापडतो आणि कोकणात आज गेंडा नाही, एवढ्यावरून काळाचा पल्ला लक्षात येतो.

मी सही केली नाही. दादाला फोन करून सांगितलं, मी येते, मग बोलू.

तो गप्प राहिला. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ मला पुढे सहा महिने समजत गेला. अवेळी पावसाने लागोपाठ दोन वर्षं मोहोर गेला होता, मुलगी रत्नागिरीत शिकत होती. खाणीच्या कराराचा त्याचा वाटा म्हणजे आंब्याच्या चांगल्या दोन हंगामांचं उत्पन्न होतं. मी डोंबिवलीत पगार घेऊन 'नाही' म्हणत होते आणि त्या 'नाही'ची किंमत तो भरणार होता. हे लिहिताना मला ते लपवायचं नाही.

फेब्रुवारीत गेले आणि पहिली मोठी चूक केली. रेघा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून मी माशाच्या कडेने चुना भरला, व्हिडिओ काढला आणि घरच्या व गावच्या ग्रुपांवर टाकला. चारच दिवसांत तो कुठून कुठे गेला. पुढच्या रविवारी दोन गाड्या सड्यावर थेट चढल्या आणि एक पावलांच्या आकृतीवर उभी राहिली. टायरखाली कडेचा एक टवका उडाला. बोटभर लांबीचा, पण कायमचा. कातळशिल्पांवर काम करणाऱ्या एकांना फोन केला तेव्हा ते न रागावता म्हणाले, "ताई, चुना, खडू, रंग काही घालू नका. उन्हाची तिरीप पुरते." व्हिडिओ मी काढून टाकला, पण तोवर तो माझ्या हातात राहिलेला नव्हता. टवका मात्र तिथे आहे. दर वेळी गेले की मी तो बघते.

मग नीट नोंद करायची ठरवली. पुतणी सुट्टीत आली होती. ती, मी आणि वहिनी तीन दिवस पहाटे सड्यावर. साहित्य म्हणाल तर खराटा, मऊ कुंचा, सुतळी, टेप, आलेखाचे कागद. आधी आकृतीत साचलेली माती कुंच्याने हलक्या हाताने काढायची, खरवडायचं नाही. मग सुतळीने मीटर-मीटरच्या चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीतली रेघ कागदावर उतरवायची. सूर्य उगवल्यापासूनचा तासभरच खरा कामाचा. ऊन आडवं असतं तेव्हा बोटभर खोल खोबणीत सावली पडते आणि रेघ आपणहून उठून दिसते. नऊ वाजले की सगळा कातळ एकसारखा होतो, उभं राहिलात तरी पायाखाली चित्र आहे हे कळत नाही. दुसऱ्या दिवशी पुतणी कागदावरून मान वर करून म्हणाली, "आत्या, हा मासा एका दमात काढलाय. शेपटीपाशी हात कुठेच थांबलेला नाही." मी आयुष्यभर तो मासा बघत होते आणि मला हे दिसलं नव्हतं.

मोजणी संपली तेव्हा आकृत्या अकरा झाल्या. आम्हाला माहीत होत्या चार.

अर्ज लिहिणं त्या मानाने सोपं. राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, त्याखाली शासन प्राथमिक अधिसूचना काढतं, हरकतींना दोन महिने देतं आणि मग अंतिम अधिसूचनेने स्मारक संरक्षित होतं. मी पुरातत्त्व खात्याला अर्ज केला, जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांना प्रती. सोबत आराखडे, फोटो, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. जे कोणी अशा कामाला लागतील त्यांना मी हे कळवळून सांगते, पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयात माझा अर्ज तीन महिन्यांनी 'सापडत नाही' झाला. शिक्क्याची प्रत दाखवली म्हणून तो परत नोंदवला गेला, नाहीतर मी पुन्हा पहिल्या पायरीवर.

पुढे प्रश्न आला जागेचा. शिल्पं नक्की कोणत्या गटात, कोणत्या हद्दीत? आमचा गट कधीच मोजला नव्हता. जुना गडगा, म्हणजे सुट्या दगडांचा बांध, हीच हद्द, आणि तोही निम्मा ढासळलेला. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करायला गेले तर कळलं, चौदांपैकी तीन जण हयातच नाहीत आणि त्यांच्या वारसांची नावं लागलेली नाहीत. म्हणजे आधी वारस नोंद. मृत्यूचे दाखले, वारसांची प्रतिज्ञापत्रं, तलाठ्याकडे फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. एका काकांचा मृत्यूचा दाखला मुंबईच्या वॉर्ड ऑफिसात, नावात एक अक्षर चुकलेला. त्या एका अक्षरासाठी मी चार रजा टाकल्या. मे महिना त्यातच गेला. त्याच दिवसांत बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या माती परीक्षणावरून लोक उन्हातान्हात बसलेले होते आणि आमच्या एसटीत, हॉटेलात, देवळाच्या पायरीवर दुसरा विषय नव्हता. माझं काम त्यापुढे अगदी लहान, एका गटाचं, पण कोणालाही 'सडा' म्हटलं की लगेच तू कोणत्या बाजूची, असं विचारलं जायचं. मी म्हणायचे, माझ्या सातबाऱ्याच्या बाजूची.

खरं बोलणं गणपतीत झालं. तेव्हाच सगळे गावात असतात. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पडवीत बसलो. बाराजण आणि दोघं फोनवर.

मला वाटलं होतं पैशांवरून वाजेल. वाजलं ते भीतीवरून. "एकदा सरकारची पाटी लागली की जमीन गेली." "शंभर मीटरमध्ये गोठ्याची कौलंही बदलता येणार नाहीत." ही भीती पोकळ नव्हती. केंद्राच्या यादीतल्या स्मारकांना २०१० च्या दुरुस्तीपासून शंभर मीटर प्रतिबंधित आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, आणि रायगड-सिंधुदुर्गाच्या पायथ्याच्या लोकांकडून त्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या. मी १९६० चा राज्याचा कायदा छापून नेला होता. केंद्राचा कायदा आणि राज्याचा कायदा वेगवेगळे आहेत, संरक्षित झालं म्हणून मालकी आपोआप शासनाकडे जात नाही, हे कलमावर बोट ठेवून वाचून दाखवलं. धाकटे काका पूर्ण ऐकून म्हणाले, "हे सगळं तू वाचलंस हे बरं केलंस. पण ह्याचं काय?" आणि त्यांनी मानेने दादाकडे खूण केली.

दादा खांबाला टेकून बसला होता. म्हणाला, "मला खाण आवडते असं वाटतंय का तुम्हाला?" एवढंच.

रात्री मला झोप आली नाही. सकाळी चहाच्या वेळी मी दादाला सांगितलं, खालच्या आंब्याच्या बागेतला माझा हिस्सा मी तुझ्या नावे सोडते. हक्कसोड करते, पण बागेपुरता. सड्यावरचं माझं नाव राहू दे. वहिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. दादा म्हणाला, "लोक म्हणतील बहिणीकडून लिहून घेतलं." मी म्हटलं, लोक नेहमी तेच लिहून घेतात, या वेळी मी देतेय. महिन्याने दुय्यम निबंधकांसमोर सही केली. नंतर काकांनी आणि विरारच्या दोघा भावांनीही बागेचं उत्पन्न पाच वर्षं न मागण्याचं कबूल केलं. हे कागदावर नाही, शब्दावर आहे, आणि आजवर पाळलं गेलंय.

आता ग्रामसभा. शेजारच्या गटांचे मालकही खाणीच्या बोलण्यात होते, त्यामुळे एकट्या आमच्या नकाराने काही होणार नव्हतं. २६ जानेवारी २०२४ च्या सभेसाठी विषय आधी लेखी दिला. गणसंख्या लागते शंभर किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, यांतली कमी असेल ती. आमच्याकडे तेवढी माणसं सहसा जमत नाहीत.

आदल्या दिवशी महिलांची सभा होती. मी शिल्पांचे आराखडे घेऊन गेले. बायांनी कौतुकाने बघितले, "बघ गो, पावलांची बोटं पण काढलीत," असं झालं आणि तेवढ्यावर राहिलं. मग खालच्या वाडीतल्या एक आजी म्हणाल्या, "चित्रं राहू देत. वर खणल्यावर आमच्या झऱ्याचं काय?"

मी वर्षभर शिल्पांच्या मागे होते आणि झरा माझ्या अर्जात नव्हताच. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी सड्यावर डबक्यांत थांबतं, भेगांतून आत उतरतं, खाली मातकट थर लागला की आडवं चालत उताराच्या कुशीतून बाहेर पडतं. खालच्या वाडीचा झरा एप्रिलपर्यंत वाहतो तो यावर. पल्याडच्या गावात खाणी सुरू झाल्यावर त्यांचा पऱ्या, म्हणजे ओढा, माघातच आटायला लागला, हे त्या बायांना कोणत्याही अहवालाशिवाय माहीत होतं, कारण त्या गावात यांच्या लेकी दिल्यात आणि त्या टँकरच्या रांगेत उभ्या राहतात. अर्धा तास नुसतं पाण्यावर बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सभेला दीडशेवर माणसं होती, निम्म्याहून अधिक बाया.

ठराव मी आधी 'कातळशिल्पांचे जतन व्हावे' असा लिहिला होता. ग्रामपंचायतीत काम केलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी तो खोडला. अशा ठरावाने काही अडत नाही, म्हणाले. त्यांनी लिहून दिलं त्यात गट क्रमांक होते, क्षेत्र होतं, 'सदर गटांत गौण खनिज उत्खननास ग्रामपंचायतीने ना हरकत दाखला देऊ नये' असं स्पष्ट वाक्य होतं, झऱ्याचा उल्लेख होता, आणि ठरावाची प्रत कोणाकोणाला जाईल ती यादी. सूचक खालच्या वाडीतल्या त्या आजी, अनुमोदक दादा.

दादाचं नाव इतिवृत्तात वाचलं गेलं तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते.

ग्रामपंचायतीच्या कपाटात लोकजैवविविधता नोंदवही होती, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ठिकाणी असावी लागते ती. तिच्यात आमच्या सड्याबद्दल एक शब्द होता: 'माळरान'. पावसाळ्यात रत्नागिरीच्या एका महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई आल्या आणि आम्ही गावच्या जैवविविधता समितीच्या सदस्यांना घेऊन दोन वेळा सडा फिरलो. जुलैत कोकणपट्टीच्या सड्यांवरच वाढणारी पांढरी दिपकाडी. ऑगस्टच्या शेवटी ओलसर भागात सीतेची आसवं, निळी-जांभळी, इतकी दाट की पाय कुठे टाकावा कळेना. पाण्याच्या काठाने गेंदाची पांढरी बटणं. दवबिंदूच्या चिकट पानात अडकलेला एक किडा पुतणी गुडघ्यावर बसून पंधरा मिनिटं बघत होती. बाईंनी नावं सांगितली, गावच्या बायांनी गावची नावं सांगितली, दोन्ही नोंदवहीत गेली. दहा-बारा आठवड्यांचं हे सगळं, मग पुन्हा काळा कातळ. फेब्रुवारीत येऊन बघणाऱ्या अधिकाऱ्याला ते 'पड'च वाटणार.

पुरातत्त्व खात्याची पाहणी झाली. आलेल्या साहेबांनी आमचे कागदी आराखडे जागेवर ताडून बघितले आणि दोन ठिकाणी रेघ चुकलीय म्हणून दाखवली. ती आम्ही सुधारली. मोजणी झाली, हद्दीचे दगड लागले. प्रस्ताव वर गेलाय. प्राथमिक अधिसूचना अजून निघालेली नाही. दर दोन महिन्यांनी मी विचारणा करते आणि प्रत्येक पत्राची पोच त्याच फायलीत लावते. फाइल आता एका हाताने उचलत नाही.

आमच्या हद्दीपलीकडे, शेजारच्या महसुली गावात, खाण सुरू झालीच. आमच्या ठरावाचा तिथे उपयोग नव्हता. सकाळी माशापाशी उभं राहिलं की कटरचा आवाज येतो आणि वारा तिकडून असला की करवंदीच्या पानांवर तांबडी धूळ बसलेली असते. त्या बाजूला काही कोरलेलं होतं का, हे कोणी बघितलं नव्हतं. आता बघता येणार नाही.

गेल्या मे महिन्यात दादाने ढासळलेला गडगा रचला. गाड्या चढायच्या त्या बाजूने पूर्ण, कमरेइतका उंच, सुटे दगड एकमेकांत बसवून, मातीचा एक थापाही न लावता. मजुरी धरली नाही. मी पैसे पाठवते म्हटलं तर म्हणाला, "माझी पण जमीन आहे ती."

परवा पंधरा रुपये भरून सातबारा काढला. माझं नाव आता गावातल्या त्या एकाच गटावर आहे. रकान्यात अजूनही पोटखराबा, वर्ग अ.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी लोकलमध्ये होते, ठाण्याच्या पुढे, दाराशी उभी. दादाचा फोन आला. मागे पावसाचा आवाज एवढा होता की निम्मं ऐकू येत नव्हतं. तो ओरडून सांगत होता, "मासा भरला!"